पीबीपीला जाताय? मग पुढचे आठ दिवस पांढऱ्या रस्त्यांसाठी ठेवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला फ्रान्समधल्या सायकलिंगवरचा लेख वाचला, दोनदा वाचला. फोटो सुंदर होते, माहितीही बरोबर होती, पण सगळा लेख आल्प्सचे घाट आणि ल्वार नदीकाठचा सायकलमार्ग एवढ्यावरच थांबला. तिथल्या ज्या रस्त्यांसाठी मी परत परत जाईन त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा पण रस्त्यांचे नंबर तेवढे ठेवा.

मी सांगलीचा, पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवायचो, आता रिटायर्ड. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पीबीपी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १८९१ साली सुरू झालेली ही सायकल राईड आता दर ४ वर्षांनी होते, साधारण १२०० किलोमीटर, ९० तासांची मुदत, रेस नाही. आपल्याकडून शेकड्यांनी लोक जातात, पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, सगळीकडून. पुढची २०२७ च्या ऑगस्टमध्ये आहे आणि आमच्या ग्रुपमधले बरेच जण त्याआधी कराव्या लागणाऱ्या २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या पात्रता राईड्सची, म्हणजे ब्रेव्हेची, आखणी करत बसलेत. हे पत्र खरं तर त्यांच्यासाठी. आपली माणसं एवढा खर्च करतात, सायकल खोलून पेटीत भरतात, व्हिसासाठी फेऱ्या मारतात, चार दिवस नीट झोप न घेता पेडल मारतात आणि राईड संपली की दोन दिवसांत परतीच्या विमानात. ब्रिटनीत, म्हणजे ब्रेस्ट ज्या पश्चिम फ्रान्सच्या भागात आहे तिथं, रात्री दोन वाजता घरापुढे टेबल मांडून कॉफी आणि क्रेप देणारी म्हातारी माणसं मी बघितली, पण ते गाव कुठलं होतं हे आज मला सांगता येत नाही, इतकी झोप डोळ्यांवर होती. याचं वाईट वाटतं.

माझा मुलगा दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला नोकरीला आहे म्हणून मी मागं राहिलो. त्यानं माझ्या हातात मिशलिनचा कागदी नकाशा दिला आणि म्हणाला, बाबा, लाल रस्ता सोडा, पिवळा जमलं तर सोडा, पांढऱ्यावरून जा. एवढंच. नऊ दिवस मी हेच केलं.

नकाशाचं नीट सांगतो कारण सगळी गंमत त्यातच आहे. तिथं ए म्हणजे टोलचे मोठे मार्ग, सायकलला बंदी. एन म्हणजे राष्ट्रीय, तिथं जाऊच नका. डी म्हणजे जिल्ह्याचे रस्ते आणि त्याखाली कम्यूनचे, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीचे. लोक सांगतात की डीच्या पुढं तीन आकडे असले की रस्ता शांत. हे अर्धंच खरं आहे आणि मी त्यात फसलो. २००६ च्या सुमारास सरकारनं हजारो किलोमीटर राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले, त्यांना नवे डी नंबर मिळाले, पण ट्रक तेच राहिले. तुलूझजवळचा डी-८१३ म्हणजे जुना एन-११३, डी-८२० म्हणजे जुना एन-२०. आकडे तीन, पण गर्दी हायवेची. म्हणून नंबर नाही, रंग बघायचा. पांढरा म्हणजे शांत, आणि पांढऱ्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य, तो सोडायचाच नाही. रस्त्यावर छोटे बाण छापलेले असतात, एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून खडा. फोनमधल्या ॲपनं मला पहिल्याच दिवशी तुलूझच्या पश्चिमेला असलेल्या ओश शहराच्या बाहेर एन-१२४ वर नेऊन सोडलं, शेजारून शंभरच्या स्पीडनं गाड्या, कसाबसा बाहेर पडलो. त्यानंतर फोन खिशात आणि नकाशा हँडलबारवर.

इतके रिकामे रस्ते असतात कसे, हा प्रश्न मला रोज पडायचा. फ्रान्समध्ये १० लाख किलोमीटरपेक्षा जास्त रस्ते आहेत आणि त्यातले निम्म्याहून बरेच जास्त कम्यूनचे. कम्यून ३५ हजारांच्या आसपास, चाळीस घरांच्या गावालाही स्वतःचा मेयर, आणि प्रत्येक मेयर आपापला रस्ता डांबरी ठेवतो. लांबचं ट्रॅफिक टोल रोडनं निघून जातं. आणि माणसंच कमी. मी जिथं फिरलो तो जेर जिल्हा ६,२५७ चौरस किलोमीटरचा, वस्ती दोन लाखसुद्धा नाही. आपला सांगली जिल्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत २८ लाख. म्हणजे हिशोब करा. ईशान्येतल्या मझपासून नैऋत्येतल्या लांदपर्यंत असा विरळ वस्तीचा एक तिरका पट्टाच आहे, त्याला तिकडे रिकामा कर्ण म्हणतात. गावं ओस पडली त्याचं तिथल्या लोकांना दुःख आहे, शाळा बंद, कॅफे बंद, हे मी बघितलं आणि आपल्या कोकणातली कुलूपबंद घरं आठवली. सायकलवाल्याला मिळणारी शांतता या दुःखातूनच आलेली आहे, हे तिथं जाताना लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

जेरची भूगोलाची एक मजा सांगतो. दक्षिणेला लानमेझाँचं पठार आहे आणि तिथून जेर, बाईझ, साव्ह, जिमोन, आरात्स अशा नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरतात. त्यामुळं उत्तर-दक्षिण गेलात तर सपाट, पण खोऱ्यातले मोठे रस्ते तिथंच असल्यानं गाड्याही तिथंच, एन-२१ त्यातलाच. पूर्व-पश्चिम गेलात की दर पाच-सात किलोमीटरला एक नदी ओलांडायची, एक कडा चढायचा, मांड्या भरून येतात, पण गाडी नाही. मधला मार्ग म्हणजे डोंगरधारेवरचे पांढरे रस्ते, दोन्ही बाजूंना शेतं आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला पिरेनीजची पूर्ण रांग. मी ओशवरून लेक्तूर, तिथून कोंदोम, लारेसँगल, फुर्सेस असा फिरलो. फुर्सेस म्हणजे गोल चौकाभोवती बांधलेलं गाव. सूर्यफुलांचे फोटो काढायला जाणाऱ्यांनी जुलैत जावं, ऑगस्टअखेर माना खाली घातलेली काळपट शेतं दिसतात, मला तीही आवडली. द्राक्षाचे मळे बघून मात्र सायकल थांबवलीच. आपल्या तासगावकडे मांडवाखालून वाकून जावं लागतं, तिकडे वेली तारांवर कमरेएवढ्या, सरळ ओळीत, कारण वाईनची द्राक्षं आणि तोडणी मशीननं.

एक दिवस फक्त बोमाँ-द-लोमान्यसाठी ठेवला होता. लसणाचं गाव, मधोमध लाकडी खांबांचा जुना बाजार, आणि गणितज्ञ पिएर द फर्मा इथं जन्मला. तीस वर्षं मुलांना फर्माचं नाव सांगत आलो आणि आता त्याच्या गावात सायकल भिंतीला टेकवून ब्रेड खात बसलोय, बायकोला फोन केला तर बोलताच येईना मला.

आता कामाच्या गोष्टी, सुचतील तशा. दुपारी साडेबारा ते दोन-अडीच सगळं बंद, सोमवारी बरंच बंद, रविवारी दुपारनंतर तर काहीच नाही, त्यामुळं ब्रेड आणि केळी सकाळीच घ्यायची. पाणी संपलं तर गावाबाहेरची दफनभूमी शोधा, तिथं फुलांसाठी नळ असतोच, फक्त ‘नॉन पोताब्ल’ अशी पाटी असेल तर पिऊ नका. उन्हाळ्यात डांबरावर बारीक खडी टाकतात, ‘ग्राविय्याँ’ अशी पाटी दिसली की ब्रेक हलके. गावात ‘प्रियोरिते आ द्रुआत’ म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, गल्लीतून ट्रॅक्टर आला तरी त्याचा हक्क पहिला. गाड्यांचं म्हणाल तर गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचा कायदा आहे आणि २०१५ पासून पुढचं नीट दिसत असेल तर त्यासाठी मधली सलग रेघ ओलांडायलाही परवानगी आहे. माझ्यामागं एक दूधगाडी वळण संपेपर्यंत हळू चालत राहिली, हॉर्न नाही काही नाही. आपल्या हायवेवर ब्रेव्हे करणाऱ्याला हे सांगूनही पटणार नाही.

आणि एक धोक्याची गोष्ट जी कुठेच लिहिलेली वाचली नाही. गर्दीत उजवीकडून चालवणं आपोआप जमतं कारण समोर गाड्या असतात. रिकाम्या रस्त्यावर थांबलात, फोटो काढला, परत निघालात की आपला हात सवयीनं डावीकडे जातो. माझं तीनदा झालं, तिसऱ्यांदा वळणावर समोरून व्हॅन आली. त्यानंतर हँडलबारच्या उजव्या बाजूला लाल टेप चिकटवली आणि दर वेळी निघताना ती बघायचो. कृपया तुम्हीही चिकटवा.

ल्वारचा सायकलमार्ग वाईट आहे असं मी म्हणत नाही, जवळपास ९०० किलोमीटर, लहान मुलं घेऊन जायचं असेल तर तोच बरा. तुलूझहून निघणारा कनाल द्यू मिदी हा कालवाही बघाच, १६८१ साली पूर्ण झालेला, दोन्ही काठांना झाडं, पण त्यातली हजारो चिनार झाडं बुरशीच्या रोगानं तोडावी लागली आणि पोर-लोरागेच्या पुढं काठावरची वाट खडबडीत होते, रोड बाईकची चाकं त्रास देतात. मी तिथून शेजारचा पांढरा रस्ता धरला. वेळ उरला तर लोत जिल्ह्यातल्या सेले नदीकाठचा डी-४१ करा, काब्रेरेपासून फिजाकपर्यंत, एका बाजूला चुनखडीचे कडे आणि दुसऱ्या बाजूला नदी, पण सकाळी लवकर, कारण ऑगस्टमध्ये दुपारी कॅम्पिंगवाल्यांच्या गाड्या येतात.

२०२७ वाल्यांना एवढंच सांगणं, व्हिसाचा अर्ज भरतानाच आठ-दहा दिवस जास्त मागा, नंतर वाढवता येणार नाहीत. तुलूझहून ओशला साधी लोकल ट्रेन जाते, टीईआर म्हणतात तिला, सायकल न खोलता चढवता येते. राईड संपल्यावर दोन दिवस नुसतं झोपा आणि मग नकाशा उघडा. माझा नकाशा घड्यांवर फाटलाय पण पेन्सिलच्या खुणा शाबूत आहेत, आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी तो आधीच नेलाय.

आपला एक जुना वाचक,
सांगली