पुसायचं फडकं हातात दिलंत, त्याबद्दल

प्रिय मावशी,

तुमच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या जिप्सी लोकांत, वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, नात्याची नसली तरी आँट म्हणतात, हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. मावशी म्हणायला हक्काचं कारण मिळालं. नाव कुठे छापायचं नाही ही तुमची अट आहे, ती पाळतेय. पत्र मराठीत लिहितेय कारण माझ्या माणसांना तुमच्याबद्दल सांगायचं आहे. तुम्हाला फोनवर इंग्रजीत वाचून दाखवीन, तेव्हा मध्येच "पुरे आता" म्हणू नका.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं मागचं. माझ्या सासूबाई इंग्रज, केंटमध्ये जन्मल्या आणि केंटमध्येच वाढल्या. मी त्यांना आई म्हणते. त्यांच्या मनात लहानपणीचा एक दिवस सत्तर वर्षं रुतून बसला होता. साल १९५६, त्या सात वर्षांच्या. त्यांची आजी, म्हणजे वडिलांची आई, वारली. ही आजी घरात कधी राहिलीच नव्हती. वडिलांना सरकारी घर मिळालं तरी मागच्या परसात तिची लाकडी गाडी उभी असायची, रंगवलेली, आत छोटी शेगडी, धुराड्याची नळी छपरातून वर काढलेली. आजी गेली आणि परसात शेकोटी पेटली. कोण कुठली माणसं आली, रात्र रात्र त्या शेकोटीभोवती बसून राहिली. आईंच्या आईनं खिडक्यांचे पडदे ओढून घेतले आणि पोरांना सांगितलं, बघू नका. मग दफन झालं. वडील परत आले, गाडीवर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. गादी, कपडे, लेसचे पडदे, सगळं आत. आजीची सोनेरी काठाची कपबशी, जी पोरांना हातही लावू देत नसत, ती एकेक उचलून हातोड्यानं फोडली. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. शाळेत "वेड्याची पोर" हे नाव पडलं ते पडलंच.

त्यानंतर वडिलांनी मरेपर्यंत आपल्या आईचं नाव तोंडातून काढलं नाही. फोटो नाही, वस्तू नाही, नावही नाही. सात वर्षांच्या मुलीनं यातून जो अर्थ लावायचा तोच लावला. बाबा आजीचा इतका तिरस्कार करत होते की त्यांना तिची खूणसुद्धा नको होती. आणि मग हा माणूस माझाही असाच तिरस्कार करू शकेल, अशी भीती. ती भीती घेऊन आई मोठ्या झाल्या, त्यांचं लग्न झालं, मुलं झाली. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी सगळं केलं, पण जवळ बसून गप्पा मारल्या नाहीत, असं त्या स्वतः सांगतात.

आम्ही शोध सुरू केला तो यासाठी. घराण्याचं झाड काढून भिंतीवर लावायची हौस नव्हती.

तुमच्याआधी कोण कोण भेटलं, ते तुम्हाला पूर्ण सांगितलेलं नाही. आज सांगते, कारण रागही अजून ओला आहे. डीएनए तपासायला लाळेची नळी पाठवली तिथून टक्केवारीचा रंगीत नकाशा आला, त्यात दक्षिण आशियाचा बारीकसा ठिपका होता. पुढच्या सुधारित आवृत्तीत तो ठिपका गायब. घराण्यांचा इतिहास शोधून देणारे एक गृहस्थ होते, तासावर पैसे घेणारे. त्यांनी जाडजूड फाइल दिली. त्यात चार पिढ्यांच्या तारखा होत्या आणि गाडी जाळल्याबद्दल एक ओळ: बहुधा दारूच्या नशेत किंवा मानसिक आजारातून. वडील आयुष्यात दारूला शिवले नव्हते. एका कार्यालयाच्या खिडकीवर बाई हसून म्हणाल्या, हल्ली प्रत्येकालाच जिप्सी रक्त हवं असतं. आई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना ते रक्त हवं होतं की नको होतं, हे त्यांना विचारायची तसदी कुणी घेतली नाही. एका चुलत भावानं तर सरळ फोन ठेवून दिला, वर म्हणाला, घाण उकरू नका.

त्या तज्ज्ञ गृहस्थांचं मला विशेष वाटतं. इंग्लंडमधल्या जिप्सींच्या मृत्यूच्या आणि दफनाच्या चालींवर टी. डब्ल्यू. थॉम्प्सन यांनी १९२४ मध्येच जिप्सी लोर सोसायटी या जिप्सींच्या चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहून ठेवलाय. त्या संस्थेचा जुना संग्रह लिव्हरपूल विद्यापीठात आहे. मृताची गाडी जाळणं, भांडी फोडणं, नाव न घेणं, सगळं छापील आहे. शंभर वर्षांपूर्वी छापलेलं एक पान उघडायच्या ऐवजी माणसाला वेडा ठरवणं सोपं पडलं.

आणि मग तुम्ही. आमच्या पहिल्या फोनवर तुम्ही आडनाव विचारलंत, मी सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, त्या आडनावाचे अर्धे लोक आमचे आणि अर्धे पाववाले, नावावर जाऊ नकोस. ली, स्मिथ, कूपर ही आडनावं घेऊन उड्या मारणारे तुम्ही फार पाहिलेत. तुम्ही रस्ता विचारलात. कोणत्या महिन्यात कुठे? एका भावंडाचा बाप्तिस्मा सप्टेंबरात हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या, मळ्यांच्या गावात, दुसऱ्याचा वसंतात शेजारच्या सरे परगण्यात, तिसऱ्याचा पुन्हा केंटमध्ये चेरीच्या दिवसांत. हॉप्स खुडायला लंडनच्या ईस्ट एंडमधूनही माणसं लोंढ्यानं येत, म्हणून एकट्या सप्टेंबरावर विश्वास ठेवायचा नाही, हेही तुमचंच. १९२१ ची जनगणना एप्रिलऐवजी १९ जूनला झाली, तेव्हा तुमची माणसं घरी कशी सापडतील, ती तर फळांच्या मागे रस्त्यावर. १९३१ ची जनगणना आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही. हे सगळं तुम्ही भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगितलंत. नोंदवहीतल्या समासात एका पाद्रीबाबानं बारीक अक्षरात "फिरस्ते" असं लिहिलेलं, तेही तुम्हीच दाखवलंत. पण याबद्दल मला फार लिहायचं नाही. कागद आज ना उद्या कुणीतरी शोधलेच असते.

मला लिहायचं आहे ते तुमच्या स्वयंपाकघराबद्दल.

आई तुमच्याकडे यायला तयार नव्हत्या. पुन्हा कुणाच्या तरी खिडकीसमोर उभं राहायचं, असंच त्यांना वाटत होतं. गाडीत पूर्ण वेळ गप्प. तुम्ही दार उघडलंत, काचेच्या कपाटातली क्राउन डर्बीची चिनी मातीची कपबशी काढलीत, लाल, निळी आणि सोनेरी, आणि चहा ओतलात. आईंचा हात थरथरत होता. तशीच कपबशी त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी फुटताना पाहिली होती. तुम्ही ते पाहिलंत, पण काही बोलला नाहीत. हवेबद्दल बोललात, गुडघ्यांबद्दल बोललात, नातवानं घेतलेल्या घोड्याबद्दल तर भरपूरच.

चहा संपला आणि आई सवयीनं कप घेऊन उठल्या. तुमच्या ओट्याखाली स्टीलची तीन पातेली होती, एकात एक न घातलेली, वेगवेगळी ठेवलेली. आई वाकल्या, त्यातलं एक ओढलं, त्यात पाणी घेतलं आणि कप धुवायला लागल्या. मी खुर्चीतच अवघडले. माझ्या माहेरी वाईला कुणी पाहुणी अशी परस्पर मोरीवर गेली असती तर आजीचा जीव वरखाली झाला असता. तुम्ही मात्र एकदा त्या पातेल्याकडे पाहिलंत. कपबश्यांचं पातेलं तेच होतं. हात धुवायचं, कपडे भिजवायचं, ती दुसरी. आईंच्या वडिलांच्या घरीही हे असंच होतं, चुकलं तर ते पाणी ओतून द्यायचे आणि पातेलं फेकून द्यायचे. आईंनी पुढे आपल्या घरातही तसंच ठेवलं, का ते ठाऊक नसताना. लग्न होऊन आल्यावर ते पाहून मला सोवळ्याची आठवण झाली होती, आणि "बाईंना स्वच्छतेचं जरा जास्तच आहे" म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

तुम्ही उठलात, खुंटीवरचं भांडी पुसायचं फडकं काढलंत आणि आईंच्या हातात दिलंत. बस, एवढंच. "राहू दे, मी करते" म्हणाला नाहीत. पाहुणीला आपण तेच म्हणतो ना, राहू दे. घरच्या बाईला कुणी राहू दे म्हणत नाही, तिच्या हातात फडकं देतात.

आई पुसत राहिल्या, तुम्ही कप कपाटात लावत राहिलात. आणि मग, त्यांच्याकडे पाठ असतानाच, तुम्ही म्हणालात, "तुझ्या बापानं आईचं सगळं नीट केलं हो. आमच्यात आता इतकं कुणी करत नाही."

मावशी, तेव्हा आईंचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत, मी ते इथे लिहीत नाही.

नंतर तुम्ही सावकाश सांगितलंत. मेलेल्या माणसाला पुरेपर्यंत एकटं ठेवायचं नाही, म्हणून शेकोटी आणि जागरण. परसातली ती परकी माणसं परकी नव्हती, आईंचे काका, आत्या, चुलत भाऊ होते. जे तिचं होतं ते दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, विकून पैसा करायचा नाही, म्हणून गाडी जाळली. गरीब माणसाच्या घरातली सगळ्यात महागडी वस्तू म्हणजे ती गाडी, विकली असती तर वर्ष निघालं असतं. भांडी फोडली ती त्याच कारणानं. आणि नाव घेतलं नाही, कारण काही घरांत गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचंच नाही, त्याला शांतपणे जाऊ द्यायचं. आईंच्या वडिलांना रोज आईची आठवण येत असणार आणि रोज ते तोंड मिटून बसत असणार. सगळं त्यांनी मायेनं पुसलं, आणि लेकीला वाटलं रागानं. घराण्याच्या वहीत ती जागा रिकामी राहिली ती दुःख पाळल्यामुळे, हे कुठला नकाशा आणि कुठली टक्केवारी सांगणार होती?

आजीचं नाव आता आम्हाला कळलं आहे. ते मी इथे लिहीत नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको.

मराठी वाचकांपैकी कुणीतरी आता विचारणार, म्हणजे ती माणसं मुळात आपलीच ना? रोमानी, म्हणजे जिप्सींची भाषा, भारतीय भाषांच्या कुळातली आहे हे अठराव्या शतकापासून अभ्यासकांना ठाऊक आहे, आणि २०१२ च्या एका जनुकीय अभ्यासात वायव्य भारतातून सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ही माणसं निघाली असं अनुमान निघालं. मी मोठ्या उत्साहानं हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "असेल बाई. पण आमची थडगी केंटमध्ये आहेत." मला ते उत्तर फार आवडलं. शिवाय आपलं म्हणायला निघण्याआधी आपण घरच्या फिरस्त्यांना काय दिलं तेही बघावं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा इंग्रजांनी केला खरा, तो १९५२ मध्ये रद्दही झाला, पण गावात चोरी झाली की पहिली जीप अजून पारध्यांच्या पालावर जाते. त्यांचा दोष काय, तर पाल हलवतात. इंग्लंडात सोळाव्या शतकात तर जिप्सी असणं हाच देहदंडाचा गुन्हा होता आणि तो कायदा १७८३ पर्यंत पुस्तकातून निघाला नाही. आपण कोण हे लपवायला माणसं कुठे शिकली, ते यातून कळतं.

तुम्ही लपवलं नाहीत. जानेवारी १९६२ मध्ये केंटमधल्या डॅरेंथच्या जंगलातून तुमच्या लोकांना हुसकलं, ए-टू रस्त्याच्या कडेला कुटुंबंच्या कुटुंबं थंडीत राहिली, तेव्हा तुम्ही लहान होतात. नॉर्मन डॉड्स नावाचे खासदार तिथे येऊन तुमच्या बाजूनं उभे राहिले, हे सांगताना तुमचा आवाज बदलला. त्यांच्या भाषणाबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. ते शेकोटीपाशी बसायचे, एवढंच सांगितलंत. चांगुलपणाची तुमची मोजपट्टी मला तिथे कळली. माणूस किती जाणतो याला तुम्ही फारशी किंमत देत नाही. तो बसतो का, हे पाहता. आम्हाला जाणकार पुष्कळ भेटले होते.

आईंमध्ये काय बदललं म्हणून विचारलंत परवा. त्या वडिलांबद्दल बोलायला लागल्यात. ते कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे कसे तासायचे, मांजराला घरात का येऊ देत नव्हते, शिट्टीवर कोणती चाल वाजवायचे. माझा नवरा पन्नाशीत आपल्या आजोबांची पहिल्यांदा ओळख करून घेतोय. २०२१ च्या जनगणनेत जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर म्हणून इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ७१ हजार जणांनी खूण केली होती. आईंनी तेव्हा ती चौकट रिकामी सोडली होती. पुढच्या वेळी काय करायचं ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही. त्यांना घाई नाही, आणि तुम्हीही घाई करू नकोस म्हणालात.

एक काम मात्र आहे. आईंनी स्वतःच्या वेळेसाठी मला यादी करून दिलीय. रात्रभर कुणीतरी जवळ बसायचं, कपडे कुणाला द्यायचे नाहीत, आणि कपाटातल्या बश्या फोडायच्या. माझा नवरा म्हणतो, त्यातल्या अर्ध्या सुपरमार्केटातल्या आहेत, त्यांना कशाला हातोडा. चालतात का हो त्या? तुम्ही सांगाल तसं करू. आणि जूनमध्ये तुम्ही उत्तर इंग्लंडातल्या ॲपलबीच्या घोड्यांच्या जत्रेला निघाल तेव्हा आईंना यायचंय. लांबचा पल्ला आहे, पण त्या ऐकत नाहीत. बसायची खुर्ची आणि चकलीचा डबा आमच्याकडून.

तुमची,
आईंची सून