टोकियोहून छकुलीला: बाळाच्या वहीविषयी

एदोगावा, टोकियो

चि. सौ. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. बाळाला गोड पापा.

परवा फोनवर तू बाळाच्या काविळीचं आणि वजनाचं विचारलंस आणि मी सांगायला लागले, तोच बाळ जागं झालं. फोनवर या गोष्टी अर्ध्याच राहतात, म्हणून लिहून पाठवते. आईलाही वाचायला दे. एक-दोन ठिकाणी ती रागावेल, तरी तिने वाचायलाच हवं.

आधी काविळीचं. बाळाचे डोळे अजून पिवळसर दिसतात आणि सगळे म्हणतात, कोवळ्या उन्हात ठेव. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी कावीळ बहुतेक बाळांना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळांत थोडी जास्त रेंगाळतेही. पण दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा असेल, तर बाळ कितीही छान दूध पीत असो, उन्हाची वाट बघत बसू नका. बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि रक्त तपासायला सांगा. तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ सुस्त पडून दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी न्या, मग बाळ कितीही दिवसांचं असो.

आणि रोज शीचा रंग बघ. इथे गरोदरपणाची नोंद वॉर्ड ऑफिसात केली की आईच्या हातात एक वही देतात, बोशी तेच्यो. म्हणजे आई आणि बाळाची वही. तिच्यात एक रंगीत पान आहे, सात चौकोनांचं, अगदी फिकट पांढुरक्यापासून गडद हिरवट रंगापर्यंत. २०१२पासून देशभरातल्या वह्यांत ते पान घातलं गेलं. आईने लंगोट खिडकीपाशी उजेडात न्यायचा, पान शेजारी धरायचं आणि कुठल्या क्रमांकाशी जुळतं ते लिहून ठेवायचं. मी ते पान तुला फोटो काढून पाठवणार होते, पण मोबाइलवर रंग बदलतो आणि इथे रंगालाच महत्त्व आहे. म्हणून शब्दांत सांगते. पिवळी, हिरवट, तपकिरी, सगळी चालते. फिकट, भाताच्या पेजेच्या रंगाची शी चालत नाही. तशी दिसली आणि लघवीने दुपट्यावर गडद पिवळा डाग पडायला लागला, तर एक दिवसही थांबू नकोस.

याचं कारण एक आजार आहे. काही बाळांच्या यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बुजलेल्या असतात. पित्त आतड्यात पोचत नाही, म्हणून शीला रंग येत नाही, आणि साठलेलं पित्त यकृत खराब करत राहतं. जपानमध्ये साधारण दहा हजारांत एका बाळाला हे होतं. यावरचं ऑपरेशन इथल्याच एका डॉक्टरांनी शोधलं, सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले मोरिओ कासाई यांनी, १९५०च्या दशकात. जगभर त्याला कासाई ऑपरेशन म्हणतात. बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत ते झालं तर पित्त वाहू लागण्याची शक्यता बरीच जास्त असते. पुढे दर आठवड्याला ती कमी होत जाते. अशी बाळं सुरुवातीला गुटगुटीत असतात, हसतात, दूध पितात, त्यामुळे घरात कुणाला शंकाच येत नाही. म्हणूनच उन्हात घालवलेले दिवस मला फार महागाचे वाटतात. आपल्या बाळाला यातलं काही नसणार, मी घाबरवत नाहीये. पण बघायला पैसा लागत नाही, डोळे लागतात.

आता आईचा मुद्दा. बारशाला मध-सोनं चाटवायचं म्हणते ना? सोनं राहू दे, मध मात्र बाळ वर्षाचं होईपर्यंत जिभेलाही लावायचा नाही. घुटीतूनही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. मग बाळ लुळं पडतं आणि श्वास मंदावतो. उकळून ते बीजाणू मरत नाहीत. इथल्या सरकारने १९८७मध्येच तशी सूचना काढली आणि तरीही २०१७ साली टोकियोत सहा महिन्यांचं एक बाळ मधामुळे दगावलं. आई, तू आम्हाला दिलास आणि आम्ही वाढलो हे खरं, पण या बाळाला नको.

वजनाचं तू उगाच मनाला लावून घेतलंस. जन्माला दोन किलो आठशे आणि पाचव्या दिवशी दोन किलो सहाशे, हे ठीकच आहे. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं, दहा टक्क्यांपर्यंत. दहा-चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं, तेवढं नक्की बघ. त्यानंतर एका आकड्याकडे बघायचं सोडून दे. तुझ्या माता-बाल संरक्षण कार्डात हिरव्या, पिवळ्या, केशरी पट्ट्यांचा तक्ता आहे. दर महिन्याला अंगणवाडीत वजन झालं की ताईंकडून तिथे ठिपका मारून घे आणि ठिपके जोडून घे. रेघ वर चढते आहे ना, हे बघायचं. आडवी झाली किंवा खाली वळली, तर बाळ हिरव्यात असलं तरी विचारायचं. शेजारणीच्या बाळाशी तुलना नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली आणलेले ते तक्ते सहा देशांतल्या मुलांच्या मापांवरून तयार झाले, त्यात दिल्लीची मुलंही होती. ‘हे तक्ते परदेशी मुलांचे’ असं कुणी म्हणालं तर एवढं सांग.

माझ्याकडे दोन वह्या आहेत, मोठीची आणि धाकट्याची. मोठीच्या वहीत तिच्या जन्मापासूनची प्रत्येक लस, तारीख, शिक्का, सगळं एका ठिकाणी. जपानने १९४२ साली युद्धात गरोदर बायकांसाठी अशी वही काढली, ती दाखवली की जादा शिधा मिळायचा. १९४८पासून तिच्यात बाळही आलं. मला तिच्यातले प्रश्न सगळ्यात आवडतात. प्रत्येक वयाच्या पानावर ‘हो’ किंवा ‘नाही’ला गोल करायचा: मान धरतं का, आवाजाकडे वळतं का, आपण बोलल्यावर हसतं का. आणि त्यातच आईला विचारलेलं असतं, मूल सांभाळताना काळजी वाटते का, अवघड जातं का? मोठी महिन्याची असताना मी तिथे ‘हो’ला गोल केला. तपासणीच्या दिवशी नर्सने तो वाचला, बाळाला बाजूला झोपवलं आणि आधी माझ्याशी बोलायला बसली. तुलाही विनाकारण रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, तर आईला सांग, आशाताईंना सांग, मला मध्यरात्री फोन कर. तीही बाळाचीच काळजी आहे.

आशाताई घरी येतात ना? तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी यायचं असतं. त्यांना चहा देऊन लगेच निरोप देऊ नकोस, बाळाला उघडं करून दाखव, ताप मोजू दे, वजन करू दे. घरी येऊन तान्ह्या बाळाला बघायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून उभी केली. तिथे नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले, १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे सगळ्या देशाने ती उचलली. इथल्या मैत्रिणींना मी हे अभिमानाने सांगते.

लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. मग नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला. पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लसीनंतर ताप येईल, मांडी दुखेल, एक-दोन दिवसांत जाईल. त्या भीतीने पुढची तारीख चुकवू नकोस. जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं का, क्षयाची बीसीजी लस झाली का, कार्डावर आजच बघ. आईने व्हिडिओवर धाकट्याच्या दंडावरचे ठिपके बघून कुणी चटके दिले की काय असं विचारलं होतं. ती बीसीजीच आहे. इथे नऊ सुयांचा शिक्का दोनदा दाबतात, म्हणून अठरा ठिपके. आपल्याकडे एकच टोचतात, तुझ्या बाळाच्या दंडावर महिन्या-दीड महिन्यात बारीक फोड येईल, तिला काही लावायचं नाही.

मोठीचं वय आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीचं झालंय. दुष्परिणामांच्या भीतीने जपानने २०१३मध्ये त्या लसीची शिफारस थांबवली होती, ती २०२२च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू केली. मधल्या वर्षांत वयात आलेल्या कितीतरी मुली लसीविना राहिल्या, याचं मला खूप वाईट वाटतं. आम्ही मोठीला देतोय. कुठल्या पानावर नोंद होणार हे तिने स्वतःच वही उघडून शोधलं.

तुझं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेव, बाळाच्या कपड्यांच्या घडीत नको, तेलाने शाई पुसते. दोन्ही बाजूंचे फोटो काढून भाओजींच्या आणि माझ्या मोबाइलवर पाठव. आणि उद्या सकाळी खिडकीपाशी लंगोट बघून मला रंग कळव, लाजू नकोस.

आई-बाबांना नमस्कार. बारशाचे फोटो पाठव, नाव ठरलं की आधी मला सांग.

तुझी,
ताई