पुनर्विकासात जुनं सागवान भंगारात जाऊ नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नौपाडा, घंटाळी, विष्णूनगर भागात जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामं करायची तारीख जवळ आली की फाटकापाशी टेम्पो येतो. सागवानी कपाटं, लांब हातांच्या आरामखुर्च्या, बिडाच्या पायांची टेबलं, रंगीत काचांची तावदानं वजनावर जातात, नाहीतर ‘नुसतं उचलून न्या’ म्हणून देऊन टाकली जातात. पुढे तीच मंडळी नव्या फ्लॅटसाठी ‘इंग्लिश कॉटेज’सारखी सजावट मागतात आणि एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, पांढरा रंग चढवून, कडा मुद्दाम घासून जुनं दिसेल असं केलेलं कपाट भरपूर पैसे मोजून घेतात. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका आहे. इंग्रजी धाटणीची सजावट मला मनापासून आवडते. फुलापानांचे पडदे, भिंतीवर मांडलेल्या निळ्या-पांढऱ्या बशा, खिडकीतली बैठक, चहाचा नीट मांडलेला ट्रे हे सगळं माझ्याही घरात आहे. पण त्यातलं बहुतेक सामान ठाण्यातल्याच घरांतून आलेलं आहे, आणि ते माझ्या घरात शोभून दिसतं.

फुलापानांच्या कापडाचंच घ्या. इंग्रजी दिवाणखान्याची ओळख झालेलं हे कापड सतराव्या शतकात आपल्या आंध्र-तमिळनाडूकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून जहाजांनी तिकडे जात होतं. तिथल्या लोकरीच्या आणि रेशमाच्या विणकरांच्या पोटावर पाय येऊ लागला, तेव्हा ब्रिटिश संसदेने 1700 मध्ये आपल्या छापील कापडाची तिथली विक्री थांबवली आणि 1721 मध्ये छापील सुती कापड वापरण्यावरही बंदी घातली. ती 1774 पर्यंत टिकली. इंग्रज कलाकार विल्यम मॉरिसचा स्ट्रॉबेरी पळवणाऱ्या पक्ष्यांचा प्रसिद्ध नमुना 1883 चा, आणि तो निळीत रंगवून लाकडी ठशांनी छापलेला आहे. ठसे आणि नीळ आपल्याकडे आजही चालू आहे. म्हणून मी परदेशी छापाचं पॉलिस्टर न घेता त्याच किनाऱ्यावरच्या मच्छलीपट्टणमच्या, ठशांनी छापलेल्या कलमकारीचे पडदे शिवून घेतले. सुती असल्याने उन्हात ते थोडे विटतात, पण खोलीला जी ऊब येते ती पॉलिस्टरने येत नाही.

आता मांडणी. इंग्रजी स्वयंपाकघरात डोळे आधी जातात ते ड्रेसरवर : खाली खण, वर उघड्या फळ्या, त्यावर उभ्या ठेवलेल्या बशा आणि आकड्यांना टांगलेले कप. आपल्या आजीच्या घरची लाकडी मांडणी याहून वेगळी काय होती? ताटं उभी, वाट्या ओळीत, खाली डब्यांची उतरंड. दोन्हीकडे वापरातली भांडी हीच सजावट. मॉड्युलर किचनच्या नादात ही मांडणी सगळ्यात आधी बाहेर जाते. आमच्या जुन्या घरातली मी ठेवली. तिच्यावर सासूबाईंच्या पितळी वाट्या आणि चिनी मातीच्या बरण्या आहेत, आणि टीकोझी, म्हणजे चहा गरम राहावा म्हणून घालायची टोपी, घातलेली किटलीही तिथेच असते. टीकोझीवरचं क्रोशाकाम माझ्या आईचं. तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी क्रोशाची सुई हातात धरली, रेडिओपासून पाण्याच्या तांब्यापर्यंत सगळ्याला झालर लावली, आणि ते रुमाल आज पेट्यांच्या तळाशी पिवळे पडत आहेत.

दुधादह्याचं जाळीचं कपाटही असंच. इंग्रजांच्या घरी अशा कपाटात मांस ठेवत, आपल्याकडे सायीचं भांडं आणि लोण्याचा गोळा. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. फ्रिज आल्यावर ही कपाटं गॅलरीत गेली. आमच्या शेजारच्या इमारतीतून भंगारात निघालेलं एक मी मागून घेतलं. त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर होते. इथे एक सांगायलाच हवं : जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 च्या अखेरीस लागू झाली, त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. त्यामुळे असा रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला ठेवावा, मास्क लावावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर हे काम घराबाहेरच करावं. आमच्या सुतारदादांनी रंग उतरवला तेव्हा आत सागवान निघालं. सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले. एक पाय वाळवीने पोखरला होता, तो बदलला. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे, पातळ हात कापसाच्या बोळ्याने चढवले. फ्रेंच पॉलिश म्हणतात ते हेच, आणि त्याची लाख आपल्याच जंगलांतून येते. त्यावर गरम कप ठेवला की पांढरा डाग पडतो, तेवढं सांभाळावं लागतं. आता त्या कपाटात माझी चित्रांची पुस्तकं आहेत. जाळीमुळे त्यांना हवा लागते, पावसाळ्यात कुबट वास येत नाही.

तिकडचं सगळंच मात्र इथे चालत नाही. आपल्या पावसात बाहेरच्या बाजूच्या भिंतीला आतून लावलेला वॉलपेपर टिकत नाही, मागे बुरशी धरते. भिंतीला कमरेपर्यंत लाकडी पॅनेल करायचं असेल तर ते आतल्या, ओल नसलेल्या भिंतीला करावं. जुन्या दिव्याची हंडी वापरायची तर वायर आणि होल्डर नवे बसवून घ्यावेत. आणि शिलाई मशीन चालू स्थितीत असेल तर कृपा करून त्याचं टेबल करू नका, ते शिवणाऱ्या बाईला द्या.

फरशीबद्दल मला जास्त कळकळ आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात इंग्लंडहून आणलेल्या मिंटन कंपनीच्या फरश्या लोक थांबून बघतात. पण आपल्या जुन्या घरांतल्या नक्षीच्या सिमेंट फरश्या इथे बनलेल्या. भारत टाइल्स ही कंपनी 1922 मध्ये, स्वदेशीच्या वातावरणात सुरू झाली. या फरश्यांत रंगीत सिमेंटचा थर साच्यात दाबून बसवलेला असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं पुसूनही नक्षी जात नाही. सगळ्या फरश्या अखंड निघत नाहीत हे खरं, पण छिन्नीने सावकाश काढल्या तर बऱ्याच निघतात. ओट्यामागच्या भिंतीला किंवा देवघरापुढे हातभर जागेत लावायला तेवढ्या पुरतात.

माझं सोसायट्यांच्या कमिट्यांना सांगणं आहे की पाडकामातून निघणारं लाकूड, दारं, जाळ्या बहुतेक वेळा पाडकामाच्या ठेकेदाराकडे जातात, तेव्हा सभासदांना हवं ते आधी काढून घेता येईल असं करारातच लिहून घ्यावं. नवा नकाशा ठरण्याआधी जुन्या कपाटांची लांबी-रुंदी-उंची आर्किटेक्टच्या हातात द्यावी, म्हणजे ‘बसत नाही’ म्हणून टाकायची वेळ येणार नाही. आणि घरं रिकामी होण्याआधीच्या एखाद्या रविवारी नको असलेलं सामान आवारात मांडून आसपासच्या लोकांना बोलवावं. नवीन लग्न झालेल्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या कितीतरी मुलामुलींना अशा वस्तू हव्या असतात, कुठे मिळतील हे त्यांना ठाऊक नसतं. वेताच्या खुर्च्या विणणारे आणि हाताने पॉलिश करणारे कारागीर अजून आहेत, त्यांनाही काम मिळेल.

आपल्याला विनंती अशी की ठाणे पानावर आठवड्यातून एकदा अशा सामानाच्या देण्याघेण्यासाठी छोटी चौकट द्यावी : कोणत्या भागातली इमारत, काय उपलब्ध आहे, कधी बघता येईल, एवढंच. सामान बघून लाकूड कुठलं आहे आणि दुरुस्त होईल का, हे सांगायला नौपाडा-पाचपाखाडी भागात मी विनामूल्य येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. पावसाळा संपला की पाडकामांना पुन्हा वेग येईल, त्याआधी ही चौकट सुरू झाली तर बरं होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
नौपाडा, ठाणे (प.)