अण्णा, हा बूट भट्टीपुढं चालायचा नाही

कोबे, जपान

ती. अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

"तुझ्या पायातला तसला बूट मला पण एक पाठव," असं तुम्ही फोनवर म्हणालात. अण्णा, तो मी पाठवणार नाही. का, ते सांगायला लागलो असतो तर तुम्ही मध्येच आईकडे फोन दिला असता, म्हणून लिहितोय.

माझा हा कामावरचा बूट अ‍ॅसिक्सचा आहे. पळायच्या बुटांची तीच कंपनी, मूळची इथलीच, कोबेची. सैन्यातून सुटून आलेल्या ओनित्सुका नावाच्या तरुणानं 1949 साली ती काढली. सुरुवातीला बास्केटबॉलचे बूट करायचा, पण खेळाडू घसरायचे. एकदा जेवताना ताटात ऑक्टोपस आला. त्याच्या पायावरच्या वाट्या बघून यानं सोलला तसेच खळगे पाडले. ते जमिनीला असे चिकटले म्हणे, की खेळाडू तोंडावर पडायला लागले! मग खळगे उथळ केले. पुढं मॅरेथॉनवाल्यांच्या तळव्यांना फोड यायचे, तेव्हा मोटरसायकलचं इंजिन वाऱ्यानं थंड होतं हे बघून बुटाला हवा खेळती राहील अशी भोकं पाडली. अ‍ॅसिक्स हे नाव 1977 चं, तीन कंपन्या एक झाल्या तेव्हाचं.

आता कामाच्या बुटात तेच सगळं आलंय. तेलकट फरशीवर न घसरणारा सोल, टाचेखाली दणका सोसणारं मऊ जेल, वर जाळीचं कापड. बोटं चेंगरू नयेत म्हणून पुढं बसवलेली वाटी तेवढी नवी, तीही लोखंडाची नाही, कडक प्लास्टिकची. माझ्या बुटाला नाडीऐवजी चकती आहे. फिरवली की टिकटिक करत तार आवळते, बाहेर ओढली की सगळा बूट एकदम सैल. इथं जेवायच्या खोलीत बूट काढूनच जावं लागतं, त्यामुळं ती चकती मला फार आवडते. गोडाऊनमध्ये दिवसभर चालून पाय दुखत नाहीत, हे खरं आहे.

पण तुम्ही फौंड्रीत वितळलेल्या धातूचा रस ओतायची लॅडल धरता. रसाचा एक थेंब उडाला तर ती जाळी क्षणात जळून आत जाईल. इथंही अशा बुटांना 'प्रो-स्नीकर' म्हणतात, चामड्याच्या सेफ्टी बुटाचं मानक वेगळं. फौंड्रीत चामड्याचा, बिननाडीचा, झटकून काढता येईल असाच बूट पाहिजे. तुमच्या डाव्या पायावरचा डाग मी विसरलेलो नाही. कंपनीनं दिलेला बूट जड आहे म्हणून त्या दिवशी चप्पल घालून गेला होतात, आठवतंय ना?

दाजींचं काम मशीनशॉपमधलं, खाली सगळं तेल. त्यांना हा बूट चालेल. कागदावर पाय ठेवून पेन फिरवा म्हणावं, दोन्ही पायांचं, मोजे घालून. इथं साईज सेंटीमीटरमध्ये असते, आपला आठ नंबर सांगून उपयोग नाही.

तुम्हाला रंकाळ्यावर फिरायला साधा पळायचा बूट पाठवतो. तुमचंही माप त्याच पाकिटात घाला. आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू