मे महिन्यातली गोधडी

मा. संपादक,
स. न.

मे महिन्यात गोव्यातल्या डिचोलीत रात्री पंखा बंद करायला लावून गोधडी ओढणारी बाई कोणी पाहिली आहे? ती मी. घरच्यांना गंमत वाटायची, मलाही वाटायची. दीड वर्ष आम्ही ही गंमतच धरून चाललो; निघाली ती थायरॉईड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, मंदावल्याची खूण.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ४७. मधल्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकलं की झोप लागायची. तिसरीतल्या मुलांची नावं ऐन वेळी आठवत नसत. पोट साफ होईना, टाचा भेगाळल्या, आवाज घोगरा झाला आणि भजनात माझा अभंग दुसरीकडे गेला. चतुर्थीत फुगडीला उभी राहिले ती दोन गिरक्यांत खाली बसले. शेजारणीने सांगून टाकलं, "पिराय जाता गो, बाये," म्हणजे वय होतंय. एका दवाखान्यात टॉनिक मिळालं, दुसऱ्यात 'पाळी जायचं वय आहे, चालायचंच' असं ऐकलं. मला ते पटलंही, कारण आजूबाजूच्या सगळ्याच बायका दमलेल्या.

थायरॉईडचा पत्ता लागला तो कोलेस्टेरॉलमुळे. ते वाढलेलं दिसल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी लगेच गोळी लिहिली नाही. नाडी मोजली, ५४ भरली. गळ्यावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "थंडी जास्त वाजते का?" मी गोधडीची गोष्ट सांगितली. रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावली की वाढणारं संप्रेरक, ४२ आला. तो साधारण ४-५ च्या आत हवा. थायरॉईड मंदावली की कोलेस्टेरॉलही चढतं, म्हणून आधी हे तपासायचं असतं, असं त्या म्हणाल्या.

थायरॉईडची गोळी सुरू झाली, पण ती मी चहाबरोबर घ्यायची आणि मागोमाग कॅल्शियमची. दोन महिन्यांनी टीएसएच २१. डोस वाढवला, तरी आकडा रेंगाळलेलाच. शेवटी औषधांच्या दुकानातल्या मुलाने विचारलं, "टीचर, चहासोबत तर घेत नाही ना?" चहा-नाश्त्याबरोबर ही गोळी अंगी नीट लागत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांपासून तर चार तासांचं अंतर हवं. हे मला आधी कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आता बाटली उशाशी असते. पाचला साध्या पाण्याबरोबर गोळी, चहा सहाला. पुढच्या तपासणीत आकडा ताळ्यावर आला. वजन मात्र दोन-तीन किलोच उतरलं. बाकीचं माझ्या भाताचं असावं.

"नुस्तें खाता न्ही गो, मागीर थायरॉयड कसो?" म्हणजे मासे खातेस ना, मग थायरॉईड कसं, हाही प्रश्न गावात पाठ झाला. आयोडीन कमी पडलं तर थायरॉईड बिघडते हे खरं. पण आयोडीन पुरेसं मिळतं तिथे बहुतेकदा शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती या ग्रंथीवर उलटते. या आजाराला हाशिमोतोचं नाव आहे. १९१२ साली त्याचं वर्णन करणारे हे डॉक्टर जपानचे, म्हणजे मासे आणि समुद्रातलं शेवाळ रोज खाणाऱ्या देशाचे! त्यांनी वर्णन केलेले चारही रुग्ण बायकाच होत्या. तेव्हा बांगडा-माशांवर भिस्त नको. मिठागराचं खडेमीठ लोणच्याला छान, रोजच्या आमटीत आयोडीनचंच बरं.

आपल्याकडे देवळांच्या सभागृहांत आरोग्य शिबिरं होतात, साखर आणि प्रेशर पाहतात. तिथे थकवा, थंडी, बद्धकोष्ठता अशी एकत्र तक्रार करणाऱ्या बाईला टीएसएचची चिठ्ठी द्यावी. सरसकट सगळ्यांना नको. आणि औषधांच्या दुकानदारांनी गोळीच्या पाकिटावर मराठी-कोंकणीत 'उपाशीपोटी, चहाआधी तासभर' एवढं लिहावं.

घराण्यात असू शकतं म्हणून धाकट्या बहिणीलाही तपासणीला धाडलं. तिची थायरॉईड ठणठणीत निघाली. केस गळत होते ते हिमोग्लोबिन ८ असल्यामुळे. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. त्याही ती चहाबरोबरच घेत होती.

— एक शिक्षिका, डिचोली