परक्या मशीनवर स्वतःच्या दुकानाचा शिक्का मारणाऱ्या मालकांना

मालक, सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन घेतलेल्या त्या बिघडलेल्या रंधा मशीनचे पैसे परत आले. पूर्ण आले, एक रुपया कापलेला नाही. तुम्हाला लगेच फोन केला, पण दुकानात गिऱ्हाइकं होती. “बरं झालं की,” एवढं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. माझं बोलायचं राहिलं ते इथं लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. बेळगावात हार्डवेअरची दुकानं पुष्कळ आहेत, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

ज्यांनी लाकडाला हात लावलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. ८२ मिलिमीटर रुंदीचं लाकूड तासणारा विजेवरचा रंधा म्हणजे पोटात दोन पाती बसवलेला रूळ, मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेणारा. बटन सोडलं की तो थोडा वेळ फिरून थांबला पाहिजे. माझा थांबायचाच नाही. प्लग ओढून काढेपर्यंत हातात घोंगावत राहायचा. शिवाय तळाची पुढची पट्टी मागच्या पट्टीशी कधीच एका पातळीत यायची नाही, त्यामुळे सागवानी फळीवर पायऱ्या पडायच्या. चौकटीचं लाकूड वाया गेलं ते गेलंच. पण हाताची बोटं गेली असती तर नंदगडच्या सुताराने पुढे काय करायचं?

हे मी ज्यांना सांगितलं त्यांची गंमत ऐका. विकणाऱ्याच्या चॅटवर दर वेळी नवं नाव, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच: “आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.” एकाने फोटो मागितले. बटन सोडल्यावर मशीन थांबत नाही याचा फोटो कसा काढायचा ते मात्र सांगितलं नाही. व्हिडिओ पाठवला तर तो “पुढे पाठवला आहे”. न्यायला माणूस येणार म्हणून मी कामाला न जाता घरी बसलो आणि संध्याकाळी मोबाइलवर शेरा आला, ग्राहक घरी नव्हते. असं करत करत परतीची मुदत त्यांनीच संपवली आणि मग मुदत संपली म्हणून मलाच कळवलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तर पेटी उघडलीसुद्धा नाही. ऑनलाइनचा माल म्हणे ते बघत नाहीत. बरं, बघत नाही असं कागदावर लिहून द्या म्हटलं, तर तेही नाही.

तुमच्याकडे आलो तो पॉलिश पेपर घ्यायला. पेटी काखेत होती म्हणून तुमची नजर गेली. “काय झालंय बघूया की,” म्हणालात. कुठून घेतलं, कितीला घेतलं, आमच्याकडे का नाही आलास, यातलं काहीच विचारलं नाहीत. मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

मशीन लावून चालवलंत, बटन सोडलंत, तोंडातल्या तोंडात कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटलात आणि प्लग ओढलात. मग किती खोल तासायचं ते ठरवणारी कळ शून्यावर आणून पोलादी पट्टी तळावर आडवी धरलीत आणि दाराच्या उजेडात नेऊन मला दाखवलंत. फटीतून उजेड सरळ दिसत होता. स्क्रूला मात्र हात लावला नाहीत, मलाही लावू दिला नाहीत. उघडलं की तेच तुझ्यावर ढकलतील, म्हणालात.

आणि मग ते लेटरहेड काढलंत. मशीनचा नंबर, तारीख, बटनाचा दोष, पट्टीचा दोष, चालवणाऱ्याच्या हाताला धोका आहे हे वाक्य. खाली सही. त्याखाली दुकानाचा शिक्का, जीएसटी नंबरसकट.

मालक, मला सगळ्यात लागून राहिलाय तो हा शिक्का. त्या मशीनमधून तुम्हाला छदाम मिळालेला नव्हता. उद्या कंपनीने वाकडं बोललं असतं तर तुमच्या दुकानाचं नाव त्यात गोवलं गेलं असतं. माल विकणारा, दुरुस्त करणारा, नेणारा, यांच्यापैकी कुणी स्वतःच्या नावाने एक ओळ लिहायला तयार नव्हता, आणि ज्याचा काही संबंध नाही तो माणूस शाई नीट उमटली नाही म्हणून दुसऱ्यांदा शिक्का मारत होता.

चिठ्ठीच्या मागे तुम्ही १९१५ हा नंबर लिहून दिलात. ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं हे मला तिथं फोन लावल्यावर कळलं. ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असा २०२० पासून नियम आहे म्हणे. शिवाय ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच, तर आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार लावता येते, वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फीही नाही. म्हणजे माझ्यासाठी बेळगावच. हे मी चॅटवर लिहिलं, तुमची चिठ्ठी जोडली, आणि इतके दिवस दिलगीर असलेली मंडळी एकदम कामाला लागली. पुढचं सगळं लिहीत बसत नाही.

आमच्याकडे चौकट बसवून दिली आणि पावसाळ्यात दार फुगलं, तर घरधनी जत्रेत, चार पाहुण्यांसमोर विचारतो, “काय रे, दार लागेना की आमचं.” मुदत संपली असं सांगायची सोय नाही. रंधा घेऊन जावंच लागतं. खानापूर तालुक्यातल्या पावसात असे फेरे मी बरेच घातलेत, कुरकुर करतच घातलेत. ज्याला गिऱ्हाइकाचं तोंड पुन्हा बघायचंच नाही, त्याचं निभतं. पण तुम्हालाही माझं तोंड पुन्हा बघायची गरज नव्हती, तरी तुम्ही अर्धा तास दुकान नोकरावर सोडलंत, त्याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

नवा रंधा तुमच्याकडूनच घेणार आहे. भाव उगाच पाडू नका, तुम्हाला परवडेल तोच सांगा. आणि एक राहिलंच. शिक्का काढताना तुमच्या गल्ल्याचा खण अडकला होता, दोन्ही हातांनी ओढावा लागला. दमटपणाने डावी बाजू फुगलीय त्याची. येताना हातरंधा आणतो, दोन हात मारले की सरकेल. पैशाचं काढलंत तर खण तसाच ठेवून परत येईन.

आपला,
नंदगडचा एक सुतार