जेवण झालं का?

मिरज,
30 मे 2025

चि. किरण,
अनेक आशीर्वाद.

पूर्वीच्या पद्धतीने मायना लिहायचा तर ‘चि. किरण यास’. आज ‘यास’ लिहू की ‘हिस’, इथेच पेन अडलं. शेवटी दोन्ही गाळलं. एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला मायना जमेना, हे माझ्या विद्यार्थ्यांना कळलं तर हसतील.

आजची तारीख तुझ्या लक्षात असणारच. 2013 साली हा दिवस गुरुवारी आला होता. तुझी दहावी झालेली, निकाल लागायचा होता. मी टीव्हीसमोर विळी घेऊन लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते आणि खाली पट्टी सरकायला लागली: दिग्दर्शक ऋतुपर्ण घोष यांचं कोलकात्यात निधन. मग त्यांची चित्रं दाखवली. डोळ्यांत काजळ, कानांत डूल, मुंडासं, अंगभर झुळझुळीत वस्त्र. मी विळीवरची नजर न काढता म्हटलं, “देवाने दिलेल्या शरीराशी असले खेळ केले की दुसरं काय होणार!”

तू उठून न्हाणीघरात जाऊन कडी लावलीस. नळ सोडलेला. बादली कधीच भरून वाहत होती, मला आवाज येत होता. आणि मी बाहेरून ओरडले ते काय, तर पाणी वाया जातंय म्हणून. पाण्याचं मला कळलं. बाकीचं कळायला पुढची अकरा वर्षं गेली.

ते वाक्य त्या दिवशी माझ्या एकटीच्या तोंडी नव्हतं, अनेक घरांतून निघालं असेल. ऋतुपर्णांनी भूमिकेसाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली होती, संप्रेरकांचे उपचार घेतले होते, हे छापून आलेलं होतं. लोकांनी दोन आणि दोन पाच केले. माणूस बरीच वर्षं मधुमेहाने आणि स्वादुपिंडाच्या दुखण्याने बेजार होता आणि झोपेतच हृदय बंद पडलं. वय एकोणपन्नास. एकोणपन्नासाव्या वर्षी गेलेल्या दुसऱ्या कुणाबद्दल मी तसं बोलले असते का? तुझे मामा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा त्यांच्या तंबाखूचा उल्लेखसुद्धा आपण कुणी केला नाही.

गेल्या दिवाळीनंतर तू फोनवर सगळं सांगितलंस आणि वर म्हटलंस, “लगेच काही बोलू नकोस, आधी तीन सिनेमे बघ.” मी वेळ लावला, पण बघितले.

खरं तर ऋतुपर्ण मला अगदीच अनोळखी नव्हते. ‘चोखेर बाली’ आणि ‘रेनकोट’ टीव्हीवर पाहिलेले. बायकांच्या मनातलं याला इतकं कसं कळतं, असं स्टाफरूममध्ये आम्ही बोललोही होतो. म्हणजे पडद्यामागे होते तोवर मला चालत होते. स्वतः पडद्यावर आले ते मुख्यतः शेवटच्या तीन वर्षांत, आणि तिथे माझी विळी आडवी आली.

पहिला बघितला ‘मेमरीज इन मार्च’. तो तू मुद्दाम पहिला ठेवलास, हे मला दहाव्या मिनिटाला कळलं. दीप्ती नवलचा तरणा मुलगा कोलकात्यात अपघातात जातो, ती दिल्लीहून येते, आणि मुलाचं एका पुरुषावर प्रेम होतं हे तिला तो गेल्यावर समजतं. तो पुरुष म्हणजे ऋतुपर्ण. ती आधी त्यालाच दोष देते, यानेच माझ्या मुलाला नादी लावलं म्हणून. आणि तो तिच्यासमोर शांत बसतो. त्यालाही रडायचंय, पण आईचा हक्क मोठा, म्हणून स्वतःचं दुःख मागे ठेवून बसतो. मला तिचा राग आला, मग लाज वाटली. तिला निदान कोलकात्याला जावं लागलं, मला तर न्हाणीघराच्या दारापर्यंतच जायचं होतं.

दुसरा, ‘आरेकटी प्रेमेर गल्पो’. त्यात चपल भादुडी स्वतः आहेत, जात्रेत, म्हणजे बंगालच्या लोकनाट्यात, बायकांच्या भूमिका करून ‘चपल राणी’ म्हणून गाजलेले. पुढे कंपन्यांत बायका काम करायला लागल्या आणि चपल राणीची गरज संपली. त्यांच्यावर माहितीपट करणारा दिग्दर्शक ऋतुपर्णांनी केलाय आणि आठवणींमधला तरुण चपलही त्यांनीच. हे बघताना मला आपल्या गावाची आठवण येणार नाही असं कसं होईल? इथल्या नाट्यगृहालाच बालगंधर्वांचं नाव. तुझे पणजोबा त्यांच्या पदांसाठी रात्र रात्र जागलेले. त्यांच्यासारखं लुगडं नेसायला बायका शिकल्या, असं अभिमानाने सांगायचे. आणि त्याच घरात तू सहा वर्षांचं असताना माझी ओढणी डोक्यावरून घेतलीस, तर बाबांनी हात उगारला.

मी तरी काय वेगळी होते? आमच्या गॅदरिंगला दरवर्षी एक मुलगा साडी नेसून स्टेजवर यायचा. ठरलेला हशा, ठरलेल्या शिट्ट्या. पदराला पिना मी लावून द्यायचे. ऋतुपर्णांची नक्कल करून हशे मिळवणाऱ्या मीर या विनोदी कलाकाराला त्यांनी आपल्याच ‘घोष अँड कंपनी’ कार्यक्रमात बोलावलं आणि समोर बसवून विचारलं की ही नक्कल माझी एकट्याची आहे की माझ्यासारख्या सगळ्यांची? शहरातल्या कितीतरी बायकी मुलांना याचा किती त्रास होतो, याचा विचार केलायस का? तो भाग तू पाठवलास. मी एकदा बघितला, दुसऱ्यांदा लावला नाही. मला त्या साड्या नेसलेल्या मुलांचे चेहरे आठवत होते. त्यातला एक तरी असेल ना, जो हसण्यासाठी नाही, नेसण्यासाठी नाव देत होता?

‘चित्रांगदा’बद्दल जास्त लिहीत नाही, फोनवर तासभर बोललोय. टागोरांच्या नृत्यनाट्याची तालीम, आणि तालीम घेणाऱ्या रुद्रचं स्वतःच बदलायला निघणं. शेवटी तो अखेरच्या शस्त्रक्रियेतून माघार घेतो, तिथे मी आईपणाने सुटकेचा श्वास टाकला आणि तुला म्हटलं, “बघ!” त्यावर तुझं उत्तर: “आई, ती रुद्रची गोष्ट आहे. माझी नाही.” बरोबर आहे. खुद्द ऋतुपर्णांनीही सांगितलं होतं की आपण बाई नाही आणि व्हायचंही नाही. मधली जागा हीच आपली. तेव्हा तुझं आणि त्यांचं एकच, असं मी पुन्हा म्हणणार नाही. ते गेले त्याच वर्षी त्या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारांत ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला. तृतीयपंथी म्हणून कायद्याने ओळख देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो 15 एप्रिल 2014 रोजी. तो बघायला ते राहिले नाहीत. एक वर्षसुद्धा कमीच पडलं.

त्यांचं नाव मात्र माझ्या डोक्यात घोळत राहिलं. ऋतुपर्ण म्हणजे नलाख्यानातला अयोध्येचा राजा. कर्कोटक चावून नळाचं रूप पालटतं, तो बाहुक होऊन याच ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून राहतो. जे शरीर लोकांना दिसतंय ते त्याचं नव्हेच. दमयंती त्याला ओळखते कशावरून? त्याने रांधलेल्या अन्नाच्या चवीवरून. एवढी वर्षं वर्गात हे शिकवलं, आणि घरात...

असो. आता व्याकरणाकडे येते, कारण खरं पत्र त्यासाठीच आहे.

तू म्हणाली-म्हणाला काय ते, बघ, परत अडले. तुझं वाक्य होतं: “बंगालीत मला सुटल्यासारखं वाटतं.” त्यांचं ‘शे एशेछे’ म्हणजे तो आला आणि ती आलीसुद्धा. आपल्याकडे कर्तरी प्रयोगात माणूस सापडतोच. राम आंबा खातो, सीता आंबा खाते. पण ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘सीतेने आंबा खाल्ला’ यात क्रियापद बिचारं आंब्याकडे बघतं, राम-सीतेकडे नाही. हे मला दिवाळीनंतर फार कामाला आलं. ‘तू सांगितलंस’, ‘तू पाठवलंस’ निर्धास्त बोलता येतं. भविष्यकाळ तर फारच सज्जन: येशील, जाशील, करशील. आज्ञार्थही. सहा महिने मी अशीच चोरवाटेने बोलतेय. ‘जेवलास का’ बंद केलं आणि ‘जेवण झालं का’ सुरू केलं. मला वाटलं, तुझ्या लक्षात येणार नाही. मार्चमध्ये तूच विचारलंस, “आई, तू अशी छापील का बोलतेस हल्ली?”

हे सगळं पत्रही त्याच चोरवाटेने लिहिलंय, एका ठिकाणी पाय घसरला तेवढा सोडून. वाचून बघ.

बाबांचं विचारशील. ‘चित्रांगदा’ चालू असताना ते स्वयंपाकघराच्या दारात भांडं हातात घेऊन उभे होते. बसा म्हटलं, तर “पाणी प्यायला आलोय” म्हणाले. शेवटपर्यंत उभे होते. तुझ्या तिकिटाचे पैसे त्यांनी भरले, हे तुला सांगू नको म्हणालेत.

काल शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. किरण कधी येणार, म्हणाल्या.

“रविवारी पोचतेय ती,” मी म्हटलं. “सुट्टी घेतलीय तिने. सकाळच्या गाडीने येतेय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाटीकडे. “दही घट्ट लागतंय ना तुमचं?” म्हणाल्या, आणि गेल्या.

तुझी,
आई

ता. क. लोणच्याच्या कैऱ्या आणून ठेवल्यात. आलीस की चिरायला बसू. बोलताना चुकून जुनं क्रियापद आलं, तर तिथल्या तिथे लाल शाई मार. चार जणांत असले तरी.